'फिअर' हा २००५ चा हॉरर शूटर आज खेळताना खरोखर भीती वाटते का?

वाटते, पण हा गेम ज्या प्रसंगांसाठी गाजला त्यांची तितकीशी नाही. लुकलुकणारे दिवे, भिंतीवरचे रक्त आणि लाल फ्रॉकमधली भुतासारखी मुलगी आल्मा यांची आजच्या सरावलेल्या खेळाडूला आधीच चाहूल लागते. शिडीचा प्रसंग मात्र अजूनही दचकवतो. खाली उतरण्यासाठी आपण वळतो, त्याबरोबर नजर आपोआप फिरते आणि क्षणापूर्वी रिकाम्या असलेल्या जागी आल्मा उभी दिसते. शिडीवर असल्यामुळे गोळीही झाडता येत नाही.

माझ्या मते या गेमचे खरे बळ त्यातल्या रेप्लिका सैनिकांत, म्हणजे आपल्याशी लढणाऱ्या क्लोन शत्रूंत आहे. गेम बनवणाऱ्या मोनोलिथ कंपनीचे प्रोग्रॅमर जेफ ऑर्किन यांनी त्यांना पाठ केलेल्या हालचाली न देता उद्दिष्टे आणि शक्य कृती तेवढ्या दिल्या, त्यामुळे कृतींचा क्रम सैनिक प्रसंग पाहून लावतो. दार आपण अडवून धरले तर तो लाथ मारून पाहतो, आणि तेही जमले नाही तर खिडकीतून आत उडी घेतो. बाकीची किमया त्यांच्या बोलण्याची आहे. एकटा उरलेला सैनिक कुमक मागवतो, तेव्हा प्रत्यक्षात कुमक येण्याची कोणतीही सोय गेममध्ये नाही. पण पुढच्या वळणावर भेटणारे शत्रू त्याच्या हाकेवरूनच आले, असे आपण बिनदिक्कत मानून चालतो. (ही लबाडी ऑर्किन यांनी २००६ मध्ये स्वतःच एका निबंधात सांगितली आहे.)

भीतीचा उगमही इथेच आहे, असे मला वाटते. चकमकीत काळ मंदावण्याची शक्ती आपल्या हाती असते आणि समोरच्याचे डावपेच समजत असतात. चकमक संपली की सुनसान कचेऱ्यांमधून नुसते चालायचे असते, रेडिओ खरखरतो आणि नेम धरायला समोर कोणीच नसते. त्या कचेऱ्या आणि गोदामे एकसुरी आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि फोनवरच्या निरोपांतून कळणारी कथा तर सहज निसटून जाते.

खेळणार असाल तर हेडफोन लावून खेळा आणि काठिण्यपातळी सोपी ठेवू नका, कारण सैनिक झटपट मेले तर त्यांची चलाखी दिसतच नाही. २०११ चा तिसरा भाग दोघांनी मिळून खेळण्याच्या दृष्टीने बांधलेला असल्याने तिथे हा एकटेपणा फारसा मिळणार नाही.