शब्दशंका : बाक, वेटोळे, पीळ

प्रश्न : निसर्गनोंदी लिहिताना काळविटाची आणि मुर्रा म्हशीची शिंगे, कुदळ्याची चोच, मुरुडशेंग या सगळ्यांना मी 'वक्राकार'च लिहिते. नेमके शब्द कोणते?

उत्तर : 'वक्राकार' म्हटल्याने वस्तू सरळ नाही एवढेच कळते. ती टेबलावर आडवी ठेवल्याची कल्पना करा. सगळी टेकली तर तो बाक. कुदळ्याची लांब, खाली झुकलेली चोच बाकदार. बाक टोकाशी एकवटला की आकडी, जशी पोपटाच्या वरच्या चोचीची. विंचवाकडे दोन्ही सापडतात : शेपटीची कमान आणि टोकाच्या काट्याची आकडी.

बाक वाढत जाऊन फेरा पुरा झाला की वेटोळे. मुर्राची आखूड शिंगे अशी घट्ट वळलेली असतात. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापर्यंत जाणारी; तिथे हा शब्द चुकेल. विलायती चिंचेच्या शेंगेला मात्र तो चपखल बसतो.

फेरा घेता घेता वस्तू पुढेही सरकत असेल, तर ती टेबलाला सपाट टेकणारच नाही. हा पीळ. मुरुडशेंगेत पाच चिंचोळे भाग दोरीच्या पेडांसारखे एकमेकांभोवती वळलेले असतात. काळविटाच्या शिंगांनाही पीळ असतो, पण नोंदीत घोटाळा होतो तो इथेच : शिंगावरची आडवी कडी म्हणजे पीळ समजला जातो. चिंकाऱ्याच्या शिंगांवर कडी असतात, पीळ नसतो. शिंगाची कड बोटाने माथ्यापासून टोकापर्यंत मागोवा घेत पाहावी, तसे नजरेने पाहा. ती शिंगाभोवती फिरत गेली तरच पीळ लिहा.

प्रश्न : शंखाचा पीळ उजवा की डावा, कसे ठरवायचे?

उत्तर : निमुळते शिखर वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजव्या हाताला आले तर उजवा पीळ. बहुतेक शंख असेच. पूजेतला दक्षिणावर्ती शंख या रीतीने डावा ठरतो, कारण परंपरेत शंख शिखर खाली ठेवून पाहतात आणि तोंडाची बाजू बदलते. मूळ पीळ उलटा धरल्याने बदलत नाही. म्हणून नोंदीत 'शिखर वर धरून' एवढे दोन-तीन शब्द जरूर घाला. सपाट वेटोळ्याची दिशा मात्र दुसऱ्या बाजूने पाहिल्यास खरोखर उलटते, तेव्हा तिथे कोणत्या बाजूने पाहिले तेही लिहावे लागते.