आधी पाण्याबद्दल बोल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मावशीच्या काचेच्या बाउलमधले दोन गोल्डफिश आणि पाहुण्यांसमोर तू उच्चारलेलं ‘ही क्रूरता आहे’ हे वाक्य, दोन्ही डोक्यात घोळत राहिलं. तुझं म्हणणं खोटं नाही. नीट ठेवला तर गोल्डफिश 10-15 वर्षं जगतो, वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो. बिनफिल्टरच्या बाउलमध्ये तो फार काळ तग धरत नाही. पण तूच लिहिलं आहेस की मावशी आता तो विषयच काढू देत नाही. म्हणजे त्या घरात माशांच्या बाजूने बोलणारं एक माणूस होतं, तेही गेलं.

मासा तुझ्या ताब्यात नाही, हे आधी मान्य कर. पाणी मावशी बदलणार, खाणं ती टाकणार, फिल्टर लावायचा की नाही, तेही तीच ठरवणार. तिने मनावर घेतलं नाही तर तुझ्या बरोबर असण्याचा त्या माशांना काडीचा उपयोग नाही. म्हणून तोंड उघडण्याआधी स्वतःला विचार: या माणसाने उद्या नेमकं काय वेगळं करावं? उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर अजून बोलायची वेळ आलेली नाही.

बहुतेक मासे दुर्लक्षाने मरतात असं तुला वाटतं. मी पाहिलंय ते वेगळंच. लोक जास्तीच्या काळजीने मारतात. दर आठवड्याला टाकी रिकामी करतात, खडे घासतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतात, सगळं लखलखीत झालं की मासे परत सोडतात. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो आणि तो कल्ले जाळतो. स्पंजवर, खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. म्हणजे मन लावून सफाई करणारा माणूस दर वेळी टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतो. अशा माणसाला ‘तुला माशांची पर्वा नाही’ म्हटलंस, तर तो चिडणारच, आणि त्याचं चिडणं रास्त असेल. त्याला सांग, ‘तू घेतोस त्यापेक्षा निम्मीच मेहनत घे.’ असा सल्ला लोक आनंदाने ऐकतात.

विचारायचं असेल तर खरंच माहिती हवी म्हणून विचार. ‘मावशी, पाणी बदलतेस तेव्हा सगळं काढतेस की थोडं?’ ‘पाण्यात क्लोरीन घालवणारं औषध, अँटी-क्लोरीन, टाकतेस का?’ उत्तरावरून तुझा सल्ला बदलायला हवा. उलटतपासणीचा सूर लागला की समोरचा माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. ‘पाणी तर स्वच्छ दिसतंय’ असं कोणी म्हटलं तर वाद घालू नकोस. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. अमोनिया तपासायची टेस्ट किट घेऊन जा, नळीतल्या पाण्यात थेंब त्यांनाच टाकू दे. रंग बदललेला स्वतः पाहिला की तुला फारसं बोलावं लागत नाही.

टाकीच्या आकारापासून मात्र सुरुवात करू नकोस. तो मुद्दा खरा आहे, पण खर्चिक आहे, आणि पहिल्याच वाक्यात खर्च सांगणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही. फुकटात होणारं आधी सांग: एका वेळी पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, पण वरचेवर, नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि जुन्याइतक्याच तापमानाचं, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. यातलंही एका बैठकीत एकच. मासे वर येऊन हवेसाठी तोंड उघडझाप करत असतील तर त्याच दिवशी बोल, बाकी सगळं थांबू शकतं. गुलाबी खडे आणि प्लॅस्टिकचा किल्ला तुला कितीही डाचला तरी त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. माशाचं त्याने काही बिघडत नाही.

फायटर (बेटा) माशावरून तुझा कोणाशी तरी खटका उडणारच. तो म्हणेल, ‘तो डबक्यातच राहतो, वरची हवा घेतो, त्याला पेलाभर पाणी पुरतं.’ यातलं अर्धं खरं आहे, आणि ते आधी कबूल कर. त्याला हवेतून श्वास घेणारं वेगळं इंद्रिय असतं. पण त्याचं मूळ घर म्हणजे उथळ असली तरी दूरवर पसरलेली, कोमट भातखाचरं आणि दलदली. पेल्यातला अमोनिया तो हवेतून श्वास घेतो म्हणून कमी होत नाही. शिवाय त्याला 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं, आणि पेला रात्रीतून गार पडतो.

तुझ्याही माहितीला हद्द आहे. फिल्टर नाही म्हणून नाक मुरडशील आणि ती दाट वनस्पतींची, मोजक्या माशांची, वर्षानुवर्षं छान चाललेली टाकी निघेल. आधी मासे बघ: पर मिटलेले आहेत का, श्वास जोरात चालतोय का, खाण्याकडे झेपावतात का.

मावशीला फोन करून चारचौघांत बोलल्याबद्दल माफी माग. मुद्दा मागे घ्यायची गरज नाही. माफीला जोडून लगेच सल्लाही देऊ नकोस, तो पुढच्या भेटीत. एवढं करूनही कोणी ऐकलं नाही तर एकदा सांगून सोडून दे. दर भेटीला तेच ऐकवणाऱ्या माणसाला लोक टाकीजवळ फिरकू देत नाहीत.

एका बाबतीत मात्र भीड ठेवू नकोस. बोटाएवढा आणलेला सकर, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, फूटभर झाला की लोक कंटाळून म्हणतात, ‘तळ्यात सोडून देऊ.’ तिथे स्पष्ट नाही म्हण. पाळीव गोल्डफिश आणि सकर यांनी अनेक देशांत नद्या-तळ्यांतल्या मूळ जिवांची वाट लावली आहे. पण नाही म्हणताना पर्याय तुझ्याकडे तयार हवा: मोठी टाकी असलेला कोणी ओळखीचा, परत घेणारं दुकान, नाहीतर तू स्वतः. तुझी टाकी भरलेली असेल तर भिडेपोटी हो म्हणू नकोस. आणि मासे घरी आणशीलच, तर त्यांचा जुना फिल्टरही मागून घे आणि स्पंज न धुता, टाकीच्याच पाण्यात बुडवून आण.

तुझा,
काका