धडधड छातीत उतरावी म्हणून

प्रश्न : लोकांना घाबरवण्यासाठी सोलापुरी चादरी टांगून अंधारी वाट केली आहे. भीती छातीत जाणवावी म्हणून स्पीकरवर धडधड लावली, पण ती कानापुरतीच राहते. काय चुकतंय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : भीतीसाठी छाती ही जागा अचूक निवडलीत. फिनलंडच्या संशोधनात (२०१४) भीतीची खूण लोकांनी रंगवलेल्या शरीराच्या चित्रात छातीवर ठळक उमटली होती. अडचण स्पीकरची आहे; छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. सबवूफरवर (खास खर्जाच्या स्पीकरवर) ४० ते ६० हर्ट्‌झचा ठोका द्या. शहाबादी फरशी हलत नाही, म्हणून १८ मिमी प्लायवूड रबरी गुटक्यांवर ठेवून खालून बास शेकर (खर्जाचा कंप फळीला देणारं यंत्र) घट्ट आवळा. स्क्रू सैल राहिला की खडखड होते आणि सगळी भीतीच जाते! ठोके मिनिटाला ६० वरून ९० वर सावकाश न्या. एकदम वाढवले तर माणूस नुसता दचकतो. चादरी सुती आहेत, पेट घेऊ शकतात; तापणारा हॅलोजन दिवा अजिबात नको.