मेंदूज्वर: पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलं?

प्रश्न: माझ्या पत्नीला मेंदूज्वर झाला. निदान व्हायच्या आधीच डॉक्टरांनी दोन अँटिबायोटिक, विषाणूंवरचं औषध आणि स्टेरॉइड एकदम सुरू केलं. पाठीतलं पाणी दुसऱ्या दिवशी तपासलं. आजार जिवाणूंचा निघाला. ती वाचली, पण दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. तिच्यावर प्रयोग केले म्हणून दावा लावता येईल का?

उत्तर: प्रयोगाचा मुद्दा टिकणार नाही, तो सोडा. जिवाणूंचा मेंदूज्वर काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून रक्ताचा नमुना घेऊन सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन ही अँटिबायोटिक लगेच देतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच देतात, तेही बरंचसं कान वाचावेत म्हणून. हर्पिस या विषाणूची शंका असेल तर असायक्लोव्हिर. अहवाल आला की नको ते बंद. क्षयाचा निघाला असता तर कित्येक महिने गोळ्या, बुरशीचा निघाला असता तर अ‍ॅम्फोटेरिसिन. मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मला खटकलं ते तुम्ही ओझरतं लिहिलेलं वाक्य: संध्याकाळी सातला दाखल केलं, तेव्हाच मान आखडलेली होती (ही मेंदूज्वराची खूण), आणि 'रात्री एकला सीटी स्कॅन झाल्यावर इंजेक्शनं सुरू झाली'. स्कॅनसाठी पाठीतलं पाणी काढायचं थांबवतात, अँटिबायोटिक थांबवत नाहीत. हे सहा तास खरे असतील तर तुमची केस तिथे आहे. अर्थात पहिला डोस कॅज्युअल्टीतच दिला असेल आणि गडबडीत तुमच्या लक्षात आलं नसेल, असंही होतं.

म्हणून आधी इनडोअर केसपेपर आणि औषधांच्या वेळा लिहिलेला नर्सिंग चार्ट लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार 72 तासांत तो द्यावा लागतो. मग तो बाहेरच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवून लेखी मत घ्या. वेळेत औषध मिळूनही कान जाऊ शकतात, त्यामुळे उशिरानेच नुकसान झालं हे दाखवणं सगळ्यात अवघड. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. पोलीस तक्रारीच्या वाटेला जाऊ नका, तिथे ढोबळ, म्हणजे अत्यंत गंभीर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

आणि या सगळ्याच्या आधी पत्नीला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. या आजारानंतर आतल्या कानात हाड वाढू शकतं, उशीर झाला तर कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) बसवणं कठीण होतं.