कोल्हापुरात बोटीची इंजिनपेटी बनवून घेतोय. आवाज कमी करायला फोम लावून हवेच्या जाळ्या बुजवल्या तर चालेल का?

नाही, जाळ्या अजिबात बुजवू नका. 1 लिटरचं चार-स्ट्रोक डिझेल इंजिन 3000 आरपीएमला मिनिटाला साधारण 1500 लिटर हवा ओढतं. पेटी गार ठेवायला लागते ती वेगळीच. हवा कमी पडली की काळा धूर येतो, ताकद घटते. त्यापेक्षा जाळीमागे दोन काटकोनी वळणांची पेटी बसवा, उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पत्रा वाकवून मिळेल. आतून फोम लावा: हवा वळून जाते, आवाज फोममध्ये मुरतो. फोम आग न धरणारा, फॉइलवालाच घ्या आणि कापलेल्या कडा फॉइल टेपनं बंद करा, नाहीतर उडालेलं डिझेल स्पंजासारखं पितो. पेट्रोल इंजिन असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साठते. ठिणगी न पडणारा मरीन ब्लोअर, म्हणजे वाफ ओढून बाहेर फेकणारा बोटीचा पंखा लागतो, त्याचा पाइप तळातल्या पाण्याच्या जरा वर; स्टार्टर मारण्याआधी 4 मिनिटं चालवायचाच.