वाचकांचे प्रश्न : आजीच्या वहीतली पायली

प्रश्न : आजीच्या वहीत थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण आहे. ज्वारी पायली, बाजरी अधोली, तांदूळ शेर, हरभरा डाळ शेर, उडीद मापटं, धणे चिपटं. याचे किलो किती होतील? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, किलोच्या मागे लागूच नका, कारण ही मापं भरून मोजायची आहेत, वजनाची नाहीत, आणि एकाच मापात ज्वारीचं वजन वेगळं भरतं न् धण्यांचं तर कितीतरी कमी. शिवाय पायली सगळीकडे सारखी नव्हती, कोकणातली वेगळी, घाटावरची वेगळी, त्यात कोणी सपाट मोजायचं तर कोणी शीग लावून, त्यामुळे "पायली म्हणजे अमुक लिटर" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी तुमच्या आजीची पायली तेवढीच असेल असं नाही.

पण मापांचं आपसातलं गणित पक्कं आहे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. म्हणजे पायलीत सोळा चिपटी. आता चिपट्याच्या जागी घरातली वाटी घ्या : ज्वारी 16 वाट्या, बाजरी 8, तांदूळ 4, हरभरा डाळ 4, उडीद 2, धणे 1. एवढी नको असेल तर सगळंच निम्मं करा, चव तीच येणार. फक्त वाटी मधेच बदलू नका आणि सगळं सपाट तरी भरा नाहीतर सगळं शिगेने.

आणि घरात आजीचं पितळी मापटं असेल तर ते मोडीत अजिबात देऊ नका! काठोकाठ पाणी भरा, ते मिलिलिटरच्या खुणा असलेल्या भांड्यात ओता, तुमच्या घरचं खरं माप मिळेल, आकडा वहीतच लिहून ठेवा.

प्रश्न : बहीण मेलबर्नहून केकच्या रेसिपी पाठवते. तिचा टेबलस्पून आणि आपला एकच ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही! ऑस्ट्रेलियात टेबलस्पून 20 मिलीचा असतो, आपल्याकडच्या सेटमधला बहुतेक 15 चा. टीस्पून दोन्हीकडे 5 चाच, म्हणून तिच्या एका टेबलस्पूनला तुम्ही सरळ चार टीस्पून घाला. कप तिकडे 250 मिली, अमेरिकन रेसिपी असेल तर साधारण 237. कपातला फरक केकला चालून जातो, बेकिंग पावडरचा नाही चालत.