पत्नीवर हिपॅटायटिस सीचे उपचार सुरू असताना पतीने ई-सिगारेट चालू ठेवावी का?

आपला प्रश्न मला समजला तो असा: आपण पुण्यात राहता. पत्नीला हिपॅटायटिस सी असल्याचे निदान झाले असून येत्या आठवड्यात तिच्या बारा आठवड्यांच्या गोळ्या सुरू होत आहेत. आपण दीड वर्षापूर्वी सिगारेट सोडून ई-सिगारेटवर आलात आणि तिचे लिक्विड एक मित्र दुबईहून आणून देतो. वाफेमुळे पत्नीच्या यकृताला किंवा औषधांना बाधा येईल का, ई-सिगारेट आताच सोडावी की बारा आठवडे जाऊ द्यावेत, आणि हे डॉक्टरांना सांगावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी डॉक्टर नाही. मात्र २०१८ साली आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहत असताना माझ्या पत्नीवर हेच उपचार झाले, आणि त्या काळात माझ्या खिशातही ई-सिगारेट होती. १९९६ साली महाराष्ट्रात बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिला रक्त द्यावे लागले होते. तेव्हा आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची नव्हती, त्यामुळे संसर्ग तिथूनच आला असावा असे डॉक्टरांचे मत पडले. बावीस वर्षे काहीही जाणवले नाही. एका नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसले आणि मग पुढच्या तपासण्या झाल्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देता येते. ई-सिगारेटच्या लिक्विडमध्ये प्रामुख्याने प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये असतात. सिगारेट टोकाशी सतत जळत राहते आणि तिचा धूर ओढणाऱ्याशिवाय इतरांच्याही नाकात जातो, तसे इथे होत नाही. खोलीत येते ती फक्त आपण बाहेर सोडलेली वाफ. तीत निकोटिन आणि सूक्ष्म कण असतातच, म्हणून ती निरुपद्रवी म्हणता येणार नाही, पण आपल्या पत्नीच्या यकृताला खरा धोका विषाणूचा आहे आणि त्यावर गोळ्या काम करणार आहेत. आमच्या रुग्णालयातील औषधतज्ज्ञ बाईंनी पत्नीला जी बंधने सांगितली, त्यांत आम्लपित्तावरच्या गोळ्या पहिल्या होत्या, कारण तिला दिलेल्या सोफोसबुविर आणि वेलपाटासविर या जोडगोळीतील दुसरे औषध पोटात पुरेसे आम्ल नसेल तर नीट शोषले जात नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडारोन चालू आहे का, हेही त्यांनी दोनदा विचारले. पतीच्या वाफेचा त्या यादीत उल्लेख नव्हता. आपल्या घरात कोणी भुईआवळ्याचा रस, काविळीची माळ किंवा नाकात टाकायचे थेंब सुचवत असेल (आमच्याकडे फोनवरून तिन्ही सुचवून झाले होते), तर त्यातला पोटात जाणारा प्रत्येक पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. वाफेपेक्षा त्याची चिंता अधिक रास्त आहे.

तरीही घरात ओढू नका, आणि याचे कारण यकृत नसून नाक आहे. या गोळ्यांचा त्रास पूर्वी दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या मानाने फारच थोडा असतो, पण डोकेदुखी, थकवा आणि मळमळ अनेकांना होते. माझ्या लिक्विडला व्हॅनिला कस्टर्डचा स्वाद होता. एरवी पत्नीला तो आवडे, सिगारेटच्या वासातून सुटका झाली म्हणून ती खूशही होती; दुसऱ्या आठवड्यात मात्र मी बाहेरून येऊन सोफ्यावर शेजारी बसलो की ती पदर नाकाला लावून बसू लागली. मी खोलीत एकदाही ओढली नव्हती. स्वेटरला येणारा वास तेवढा पुरेसा होता.

संसर्गाबद्दल आपण विचारलेले नाही, पण घरातील वडीलधारी मंडळी विचारतीलच. हिपॅटायटिस सी रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने तो होत नाही. वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे यंत्र अशा ज्या वस्तूंना रक्त लागू शकते त्या वेगळ्या ठेवाव्यात. आपण स्वतःची तपासणी एकदा करून घ्यावी. मी करून घेतली, ती निरंक आली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. त्यावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण माझी चूक तिथेच झाली.

पत्नीच्या गोळ्या डबीत अठ्ठावीस असत, गुलाबी, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. अशा तीन डब्या, म्हणजे ८४ गोळ्या. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ती रोज रात्री नऊ वाजता गोळी घेतल्यावर पेन्सिलीने एक फुली मारत असे. तिसऱ्या आठवड्यात मला त्या फुल्यांखाली बारीक उभ्या रेघा दिसू लागल्या. पाचव्या रेघेने चार रेघांना आडवे कापायचे, दुधाचा हिशेब ठेवतात तशा. विचारल्यावर ती म्हणाली, “तुम्ही मागच्या दारी किती वेळा जाता, ते मोजतेय.” त्या रविवारी २३ रेघा होत्या. मला कोणी विचारले असते तर मी आठ सांगितल्या असत्या, आणि ते खोटे बोलतो आहे असे मला वाटलेही नसते.

सिगारेट संपते. ती विझवावी लागते, पाकिटात किती उरल्या ते दिसते, दुसरी पेटवताना मनाला थोडे टोचते. ई-सिगारेटला असा शेवट नसतो. दोन झुरके घेऊन खिशात टाकावी, दहा मिनिटांनी पुन्हा काढावी. सिगारेट सोडली या समाधानात मी हे कधी मोजलेच नव्हते. पत्नीला वासापेक्षाही मी सारखा उठून जातो याचा त्रास अधिक होता. ती अंगात त्राण नसल्यामुळे पडून असे, काही सांगायला सुरुवात करी आणि अर्ध्या वाक्यावर मी “आलोच” म्हणून उठत असे.

यावर मी जो उपाय केला तो हुशारीचा वाटला, पण फसला. १८ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरचे लिक्विड सोडून मी एकदम ६ मिलिग्रॅमचे आणले. पूर्वी दिवसाला सुमारे २ मिलिलिटर लागे, म्हणजे ३६ मिलिग्रॅम निकोटिन. आता ५ मिलिलिटर लागू लागले, म्हणजे ३०. शरीराने आपला वाटा जवळजवळ पुरा वसूल केला आणि मागच्या दारच्या फेऱ्या वाढल्या. लिक्विड संपत आले तरी ओढत राहिल्याने कॉइलमधला, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातला कापूस करपे आणि घशात जळकी चव येई. अशा कोरड्या, तापलेल्या झुरक्यात फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये वाढतात, हे मला नंतर कळले.

मला मार्ग दाखवला तो तिथल्या धूम्रपान सोडवणाऱ्या केंद्रातील समुपदेशकाने. इंग्लंडची आरोग्यव्यवस्था ई-सिगारेटला विरोध करत नाही, उलट सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून तिचा पुरस्कार करते, त्यामुळे त्या गृहस्थांनी मला अपराधी वाटू दिले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की यंत्र सोडणे आणि निकोटिन सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच दिवशी करण्याचा अट्टहास धरू नये. त्यांनी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी आणि तलफ आली तर चघळायला गम दिला. निकोटिन मिळत राहिल्यामुळे चिडचिड फारशी झाली नाही, पण हाताला खिशात जायचे कारण उरले नाही. पहिल्याच आठवड्यात रेघा चारांवर आल्या. पट्टीची मात्रा कमी करत जाणे हे काम पत्नीच्या गोळ्या संपल्यानंतर सावकाश केले.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा आहे की “आता की बारा आठवड्यांनी” असा पेच उभाच करू नका. ई-सिगारेटच्या जागी याच आठवड्यात गम किंवा पट्टी आणा. निकोटिन कमी करणे नंतरवर टाकले तरी चालेल. एकदम सगळे तोडले तर पहिला आठवडा फार अवघड जातो, झोप मोडते, माणूस शब्दाशब्दाला भडकतो. घरात एकाचे डोके गोळीने दुखत असताना दुसऱ्याने तलफेपायी दारे आपटणे कोणालाच परवडत नाही. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचा निकोटिनचा गम औषधांच्या दुकानात मिळतो. तो च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो: थोडा चावून जिभेला झिणझिण्या आल्या की गालाशी धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. चहा-कॉफी घेतल्यावर किमान पंधरा मिनिटे तो तोंडात टाकू नये, कारण आम्लामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच आहे.

ई-सिगारेटमुळे आपला फायदा झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ई-सिगारेट दिलेल्या गटातील १८ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर होते, तर पट्टी-गम वगैरे दिलेल्या गटातील ९.९ टक्के. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटवाल्या गटातील ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते, तर दुसऱ्या गटात पट्टी-गम चालू असलेले ९ टक्केच होते. पहिल्या आकड्यात आपण दोघेही बसतो आणि दुसऱ्यातही. काहीही झाले तरी सिगारेटकडे परत जाऊ नका, एवढे मात्र पक्के धरा. पुन्हा सिगारेट पेटवण्यापेक्षा आणखी चार दिवस ई-सिगारेट राहिली तर ते कमी वाईट आहे.

माझ्या आणि आपल्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. आयात-विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि साठवणीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपला मित्र आपल्यासाठी बाटल्या आणतो तेव्हा तो या कायद्याच्या कक्षेत येतो. पत्नीच्या तपासण्यांच्या तारखा सांभाळायच्या काळात विमानतळावरचे प्रकरण अंगावर घ्यावे का, हे आपणच ठरवा. दुसरे म्हणजे मी जे लिक्विड घेत असे त्यात निकोटिनची मर्यादा कायद्याने २० मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर होती आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या बाटलीवर काय छापले आहे आणि आत काय आहे, याचा ताळमेळ कोणी पाहत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वाफेमुळे फुप्फुसे निकामी होण्याची जी साथ आली, तिचा मुख्य संबंध गांजाच्या अर्काच्या बेकायदा कार्ट्रिजांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी होता, आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तिथे ६८ माणसे दगावली होती.

जोवर बाटली घरात आहे तोवर ती पत्नीच्या औषधांपासून दूर ठेवा. आमच्याकडे माझी बाटली आणि तिच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली एकाच टोपलीत होत्या, दोन्ही बोटाएवढ्या, दोन्हींना बारीक तोटी. एका रात्री तिने अंधारात माझी उचलली. व्हॅनिलाचा वास आला म्हणून बचावली. निकोटिनचे द्रावण डोळ्यांत, त्वचेवर किंवा लहान मुलाच्या तोंडात गेले तर गंभीर इजा होते.

तिसरा प्रश्न डॉक्टरांना सांगण्याचा. जरूर सांगा. पत्नीच्या डॉक्टरांना घरात कोण काय ओढते हे माहीत असलेले बरे, आणि आपल्या डॉक्टरांना तर आपण निकोटिन घेता हे कळलेच पाहिजे, कारण नाडी आणि रक्तदाबाच्या नोंदींचा अर्थ त्यावरून बदलू शकतो. मी तिथल्या दवाखान्याच्या अर्जावर “धूम्रपान: नाही” असे लिहिले होते आणि ते शब्दशः खरे आहे असे स्वतःला बजावले होते. गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी विषाणू गेला का हे पाहण्याची जी शेवटची तपासणी असते, तिच्या दिवशी परिचारिकेने तोच अर्ज पुढे करून काही बदल आहे का विचारले. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी पेन मागून घेतले आणि “नाही” खोडून तिथे “ई-सिगारेट, सोडली, सध्या पट्टी” असे लिहिले.